आमचा कोच पळवतायत रे!

१३ ऑक्टोबर २०२५. सोमवार, रात्रीचे साडेअकरा. दिवाळी तोंडावर आलेली, घरभर चकलीच्या भाजणीचा वास आणि मी झोपायच्या तयारीत. तेवढ्यात फोन वाजला. अमेरिकेतला मित्र. इंजिनिअरिंगची चार वर्षं माझ्याच बाकावर काढलेला, मग एमएस करायला इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला गेला आणि पुढे त्याच राज्यात स्थिरावला. अशा अवेळी परदेशातून फोन आला की पोटात धस्स होतं.

‘काय रे, सगळं ठीक?’

‘काही ठीक नाही. आमचा कोच पळवतायत रे!’

मी उठून बसलो. आधी वाटलं, पोराच्या पोहण्याच्या क्लासचे सर सोडून चालले असावेत. पण नाही. साहेब बोलत होते ते इंडियाना युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमच्या हेड कोचबद्दल. त्याच्याकडे दुपारचे दोन वाजलेले, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो माझ्याशी बोलत होता. आवाज असा, की जणू घरातलंच कोणीतरी आयसीयूत आहे!

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजचा कोच म्हणजे आपल्याकडचे जिमखान्याचे सर ना? शिट्टी, टोपी आणि खो-खोचे खांब? मंडळी, हसू नका. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल हे प्रकरण वेगळंच आहे. फुटबॉल म्हणजे अर्थात त्यांचा, हेल्मेट घालून धडका मारण्याचा. आपलं वानखेडे स्टेडियम ३३ हजारांच्या आसपास प्रेक्षकांचं. मिशिगन युनिव्हर्सिटीचं स्वतःचं स्टेडियम आहे १ लाख ७ हजारांचं! आणि तेही भरतं. बऱ्याच राज्यांत सरकारी तिजोरीशी नातं असलेला सगळ्यात मोठा पगार गव्हर्नरचा नसतो, फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोचचा असतो. ज्या गावात ना एनएफएलची टीम ना दुसरं काही, तिथे शनिवारची कॉलेजची मॅच म्हणजे जत्रा, लग्न आणि गणपती असं सगळं एकदम.

आणि इंडियाना? बास्केटबॉलमध्ये दादा टीम, पण फुटबॉलमध्ये अनेक दशकं हरण्यातच नाव कमावलेली. २०२३ चा सीझन संपला तेव्हा १२ पैकी ९ मॅच हरलेल्या. तिथे आला कर्ट सिग्नेटी. वय ६२, मोठ्या कॉलेजचा हेड कोच म्हणून आधीचा अनुभव शून्य. पत्रकारांना काय म्हणाला, तर मी जिंकतो, गूगल करून बघा! लोक हसले. २०२४ मध्ये त्याने साखळीतल्या १२ पैकी ११ मॅच जिंकल्या. ११ ऑक्टोबर २०२५ च्या शनिवारी त्याची टीम ओरेगनला त्यांच्याच मैदानावर ३०-२० हरवून आली. मित्राने रात्रभर पार्टी केली.

आणि रविवारी दुपारी बातमी आली, पेन स्टेट युनिव्हर्सिटीने आपला कोच जेम्स फ्रँकलिन याला काढून टाकलं.

‘मग तुला काय त्याचं?’ मी विचारलं.

‘अरे, सिग्नेटी पिट्सबर्गचा आहे. पेनसिल्व्हेनियाचा पोरगा! पेन स्टेट त्याच्या माहेरच्या राज्यातली. स्टेडियम आमच्या दुप्पट, पैसा आमच्यापेक्षा जास्त. पहिला फोन कोणाला लागणार?’

चोवीस तास झाले नव्हते आनंदाला. आपल्याकडे म्हणतात ना, गाढवाला गुळाची चव काय! इथे गाढवाला गूळ आवडला होता आणि नेमकी आता ढेप उचलून नेणार, अशी भीती.

मी त्याला आमच्या पिढीचा नेहमीचा फंडा ऐकवला. ‘हे बघ, प्रोफेशनल माणूस आहे. चांगली ऑफर आली तर जाणारच. तू नाही तीन नोकऱ्या बदलल्यास? दर वेळी लिंक्डइनवर हात जोडलेला फोटो टाकून?’

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, ‘मी नोकरी सोडली तेव्हा पन्नास हजार माणसं किरमिजी टी-शर्ट घालून माझ्यासाठी बसली नव्हती रे.’

पॉइंट होता!

त्या रात्री झोप गेली ती गेलीच. मी या विषयात शिरलो आणि लक्षात आलं, माझा मित्र एकटा वेडा नाही. अमेरिकेत या वेडाचा अख्खा सीझन असतो. नोव्हेंबरचा शेवट आला की मोठमोठ्या युनिव्हर्सिट्या हरलेल्या कोचना नारळ देतात आणि रिकाम्या खुर्चीसाठी जिंकणाऱ्या कोचकडे बघायला लागतात. मग चांगल्या टीमचे फॅन विमानांवर नजर ठेवतात. थट्टा नाही! अमुक श्रीमंत देणगीदाराचं खासगी जेट तमुक गावात का उतरलं, हे फ्लाइट ट्रॅक करणाऱ्या साइटवर बघत माणसं रात्री जागवतात. त्यात डिसेंबरच्या सुरुवातीलाच शाळेतल्या स्टार पोरांनी कॉलेजशी करार करायचे असतात. कोच हलला तर पोरं हलली. पोरं हलली तर पुढची तीन वर्षं गेली.

कोच काय म्हणतो यावर विश्वास ठेवायची सोय नाही. याचा आद्यपुरुष निक सेबन. २००६ च्या डिसेंबरमध्ये तो एनएफएलच्या मायामी डॉल्फिन्सचा कोच होता. अलाबामा युनिव्हर्सिटी त्याच्या मागे लागलेली. वैतागून त्याने पत्रकारांना स्वच्छ सांगितलं, मी अलाबामाचा कोच होणार नाही. जेमतेम दोन आठवडे झाले आणि ३ जानेवारी २००७ ला गडी अलाबामात! तिथे १७ सीझन राहिला, सहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकला, स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. मायामीवाल्यांना तो खोटारडा, अलाबामावाल्यांना देव. माणूस एकच, विमान एकच. फक्त ते कुठून उडालं आणि कुठे उतरलं एवढाच फरक.

हाच सेबन १० जानेवारी २०२४ ला रिटायर झाला, तेव्हा तर कमाल झाली. सरकारी ऑफिसात एका साहेबाची बदली झाली की खालची चार टेबलं हलतात, तसं अख्ख्या देशात झालं. अलाबामाने वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा केलन डीबोअर उचलला. वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा जेड फिश नेला. ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन नेला. सॅन होजेने त्याच महिन्यात आणखी कोणी शोधला. अलाबामातल्या एका माणसाने पेन्शन घेतली आणि पार कॅलिफोर्नियातली पोरं कोचविना झाली! वॉशिंग्टनच्या फॅनचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. सोमवारी टीम राष्ट्रीय फायनल हरली. शुक्रवारी कोच गेला.

पण खरा मसाला आहे लेन किफिनचा. हा बुवा २००८ च्या शेवटी टेनेसीचा कोच झाला आणि एकाच सीझननंतर, जानेवारी २०१० मध्ये, रातोरात सदर्न कॅलिफोर्नियाला निघून गेला. टेनेसीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गादी जाळण्यापर्यंत मजल गेली. पुढे मिसिसिपी युनिव्हर्सिटीत, म्हणजे लाडाच्या नावाने ‘ओल मिस’मध्ये, तो सहा सीझन टिकला. ऑक्सफर्ड नावाचं छोटंसं गाव. तिथे म्हणे माणूस सुधारला, स्थिरावला. २०२५ मध्ये टीमने १२ पैकी ११ मॅच जिंकल्या, पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये जाणार हे जवळपास ठरलं. आणि ३० नोव्हेंबरला किफिन लुइझियाना स्टेटला गेला! सात वर्षं, वर्षाला १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास. वर म्हणणं असं, की प्लेऑफ संपेपर्यंत मी ओल मिसचाही कोच राहतो. युनिव्हर्सिटीने सांगितलं, आभारी आहोत, निघा. विमानतळावर फॅन जमले होते. निरोप द्यायला नव्हे, शिव्या द्यायला.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट गो-लाइव्हला आलेलं आणि टीम लीडने पेपर टाकले. तेही कॉम्पिटिटरकडे जाण्यासाठी!

हे वाक्य लिहिताना मला जरा अडखळायला झालं, कारण हे मी केलंय. काही वर्षांपूर्वी सात जणांची टीम माझ्याकडे होती. रिलीजला तीन आठवडे उरलेले असताना मी दुसरीकडची ऑफर घेतली. नियमात होतं सगळं, नोटीस पिरियड कंपनीनेच कमी करून दिला. केक कापला, भाषण झालं. टीममध्ये एक मुलगा होता, पहिलीच नोकरी. इंटरव्ह्यूमध्ये मीच त्याला पटवलं होतं, ‘आपली टीम म्हणजे फॅमिली आहे.’ तो केकची प्लेट हातात धरून म्हणाला, ‘सर, मग आता आम्ही कोणाला विचारायचं?’ मी त्याला हँडओव्हरच्या फाइलची लिंक पाठवली.

अमेरिकेतले कोच नेमकं हेच करतात, फक्त मोठ्या पडद्यावर. सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जातात, त्याच्या आईच्या हातचं जेवतात आणि सांगतात, ‘तुमच्या लेकाची जबाबदारी माझी.’ पोरगं कोचकडे बघून कॉलेज निवडतं आणि वर्षभरात कोच गायब. कित्येक वर्षं तर नियम असा होता, की कोच आज उठून उद्या दुसरीकडे जाऊ शकत होता, पण त्याच्यामुळे आलेल्या पोराने कॉलेज बदललं तर त्याला साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये हे बदललं. आता पोरंही बिनदिक्कत ट्रान्स्फर घेतात. १ जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली. सिग्नेटी इंडियानाला आला तेव्हा आधीच्या जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतले डझनभर खेळाडू त्याच्यामागोमाग आले. इंडियानाचा २०२५ चा हीरो, क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा, तोही कॅलिफोर्नियातल्या बर्कलीहून आलेला.

म्हणजे बघा, कोचला ट्रान्स्फर आहे. खेळाडूला ट्रान्स्फर आहे. नाही ती फक्त फॅनला. तो कुठे जाणार? ज्या कॉलेजात तो विशीत होता ते कॉलेज बदलता येत नाही. त्याची सगळी बडबड, सगळी विमानं मोजणं यातूनच येतं. बाकी सगळ्यांचं करिअर चाललेलं असतं, त्याचं एकट्याचं घर असतं.

आणि जेम्स मॅडिसनच्या फॅनचं काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनीही याच सिग्नेटीसाठी असेच सुस्कारे टाकले होते. तेव्हा माझा मित्र नाचत होता! हे मी त्याला मंगळवारी फोनवर सुनावलं. ‘ते वेगळं,’ म्हणाला. वेगळं कसं, ते सांगितलं नाही.

भीतीपोटी माणूस काय करतो, याचं उदाहरण त्याच पेन स्टेटमध्ये आहे. २०२१ मध्ये दोन मोठी कॉलेजं कोच शोधत होती आणि फ्रँकलिनचं नाव चर्चेत होतं. हा गेला तर? पेन स्टेटने घाईने त्याला दहा वर्षांचा करार देऊन टाकला. हुश्श! चार वर्षं झाली, २०२५ मध्ये टीम ओळीने तीन मॅच हरली आणि त्याच फ्रँकलिनला घरी पाठवताना करारापोटी जवळपास ५ कोटी डॉलर देणं अंगावर आलं. पुढे त्याला दुसरीकडे नोकरी लागली म्हणून ते बरंच कमी झालं, हे नशीब. ज्याला कोणी नेऊ नये म्हणून मोजले, त्यालाच घालवायला पुन्हा मोजायचे! आपल्याकडे एचआरवाले रिटेन्शन बोनस देतात ना, तसंच. माणूस राहतो. तो राहावा असं कोणाला तरी वाटतंय, हे मात्र राहतंच असं नाही.

तर ब्लूमिंग्टनचं पुढे काय झालं? १६ ऑक्टोबर, गुरुवार. इंडियानाने सिग्नेटीला आठ वर्षांचा नवा करार दिला, वर्षाला सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर. दोन वर्षांत तिसरा करार! दुसऱ्या दिवशी आपल्याकडे वसुबारस. मित्राचा मेसेज आला: ‘गाय दावणीला. दिवाळी सुरू.’

पण दावणीतली एक गाय वाचली की दुसरीकडची सुटते. पेन स्टेटला सिग्नेटी मिळाला नाही, म्हणून डिसेंबरमध्ये त्यांनी आयोवा स्टेटचा मॅट कॅम्पबेल नेला. एम्स नावाच्या गावात या माणसाने दहा सीझन काढले होते, तिथल्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅच जिंकल्या होत्या. तिथल्या लोकांनी प्रत्येक डिसेंबरला ‘हा जाणार का’ म्हणत देव पाण्यात घातले होते. दहाव्या वर्षी देव पाण्यातच राहिले. ब्लूमिंग्टनच्या दिवाळीचं बिल एम्सने भरलं.

मग ही चिंता करायचीच कशाला? मी मित्राला हे विचारलं, तेव्हा त्याने मला एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता.

तो २००६ मध्ये ब्लूमिंग्टनला पोचला तेव्हा कोच होता टेरी हेपनर. इंडियानाचाच माणूस. हरणाऱ्या टीमला त्याने एक साधं स्वप्न दिलं होतं, ‘प्ले थर्टीन’. नेहमीचा सीझन १२ मॅचचा. तेरावी खेळायला मिळते ती चांगलं खेळणाऱ्यांना. स्टेडियमच्या उत्तर टोकाला त्याने चुनखडीचा एक मोठा दगड आणून ठेवला. मैदानात उतरताना प्रत्येक खेळाडूने त्याला हात लावायचा. माझ्या मित्राला फुटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं, थंडीत एकटा पडलेला पोरगा, तिकीट स्वस्त म्हणून जाऊन बसायचा. हेपनरला मेंदूचा ट्यूमर होता. जून २००७ मध्ये तो गेला. त्याला कोणी पळवलं नव्हतं.

त्या वर्षी टीम त्याच्याशिवाय खेळली. शेवटच्या मॅचमध्ये पक्क्या वैऱ्याला, पर्ड्यूला, ४९ यार्डांवरून मारलेल्या किकवर २७-२४ हरवलं आणि तेरावी मॅच मिळवली. १९९३ नंतर पहिल्यांदाच. ‘मी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडलो रे,’ मित्र म्हणाला. ‘त्या दिवसापासून मी इथला.’

दगड अजून तिथेच आहे. त्यानंतर किती कोच आले, किती गेले; सिग्नेटीची पोरंही त्यालाच हात लावून मैदानात उतरली.

ओल मिसमध्येही तेच दिसलं. किफिन गेल्यावर पीट गोल्डिंग हा त्याचा असिस्टंट हेड कोच झाला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण टीमने आधी टुलेनला धुतलं, मग १ जानेवारी २०२६ ला जॉर्जियाला ३९-३४ हरवलं. सेमीफायनलला मायामीकडून चार पॉइंटनी हरले. पळून गेलेल्या कोचने तयार केलेली टीम होती ती, हे खरंच. पण तो नसताना जिंकली, हेही खरं. चांगल्या कोचची परीक्षा बहुतेक तो गेल्यावरच होते. हे मला कळलं तेव्हा मी त्या केकची प्लेट धरलेल्या मुलाचा नंबर शोधला. रिलीज वेळेवर गेलं होतं म्हणे. ‘कसंबसं, सर,’ तो म्हणाला. त्या ‘कसंबसं’वर मी अजून विचार करतोय.

तेव्हा चिंता चुकीची नाही. जिची टीम रद्दी असते तिचे फॅन कोच जाईल म्हणून नाही, जात नाही म्हणून झुरतात! मित्राने अठरा वर्षं तेच केलं होतं. कोणीतरी नेईल अशी भीती वाटायला आधी नेण्यासारखं काही हातात असावं लागतं. फक्त ती भीती चेकबुक हातात घेऊन बसली की पेन स्टेट होतं.

२० जानेवारी २०२६. मंगळवार, सकाळी साडेनऊच्या पुढे. मी ऑफिसच्या वाटेवर, ट्रॅफिकमध्ये. इंडियानाने राष्ट्रीय फायनलमध्ये त्याच मायामीला २७-२१ हरवलं होतं. सीझनमधल्या १६ पैकी १६ मॅच! फोन वाजला. पलीकडे नुसता गोंधळ, आरडाओरडा, आणि मित्र मिनिटभर काही बोलेचना. बेचाळिशीचा बाप्या, हुंदके देत होता. मीही गप्प बसलो.

मग नाक ओढून तो हळूच म्हणाला, ‘ए, आता एनएफएलवाले नेतील का रे याला?’

‘झोप लेका,’ मी म्हटलं. ‘उद्या बघू.’